मामांच्या पैरणीचा तिसरा हात

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं, साधी वस्ती होती. देवगाव फाट्यावरून उगवतीकडं निघालं की बाभळीच्या बनापलीकडं. तिथं बिराजी नावाचा एक धनगर राहायचा, त्याची ठकूबाई नावाची बायको राहायची, त्यांची गोदा नावाची लेक राहायची, आणि त्यांच्या लेकाला करून आणलेली एक नवी सून राहायची. शेळ्यामेंढ्या होत्या, थोडं हलकं रान होतं, दारात लिंब होता. सगळं बरं चाललं होतं. मग एक दिवस त्या सुनेनं कापड शिवायला घेतलं.

ती सून म्हणजे मी, सुभद्रा. आता काय काय सांगू तुम्हाला. दुसऱ्या माणसाच्या हातून चूक होते. माझ्या हातून हात झाला. एक जास्तीचा.

चहा निवू देऊ नका, पीत पीत ऐका.

निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. घरात एकच घोर होता, गोदाची सोयरीक. पोरगी गुणाची होती. भाकरी अशी थापायची की परातीत चंद्र उतरल्यासारखा दिसायचा. पण आल्या पाव्हण्यांना भाकरी दिसायच्या आधी तिचा बाप दिसायचा. बिराजीमामा, म्हणजे माझे सासरे. धोतर, मुंडासं आणि उघड्या अंगावर घोंगडं. त्यांचा जन्म तसाच गेला होता, त्यांच्या बापाचाही तसाच गेला होता. मेंढरांनी कधी तक्रार केली नाही. पण गोदाला बघायला आलेले एक पाव्हणे गुळाचं पाणी पिऊन उठता उठता म्हणाले, "ज्याच्या अंगावर पैरण न्हाई, त्याच्या घरात काय असंल?"

पैरण म्हणजे आपला सदरा. ते पाव्हणे काही परत आले नाहीत.

आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या ते असं जिव्हारी लागलं की जेवताना सुद्धा त्या घास हातात धरून "पैरण" म्हणायच्या.

तेवढ्यात चारठाण्याहून सांगावा आला. धनगराचंच घर, मोठा कळप, पोरगा हरी, आणि घरात कर्ता म्हणजे पोराचा आजा. त्यांना सगळे आबा म्हणायचे. रीतीभातीचा माणूस. पाव्हणे चैतात मुलगी बघायला येणार होते.

आता ऐका, हे फक्त मला ठाऊक होतं. गोदानं तो हरी आधीच बघितला होता. चारठाण्याच्या बाजारात गोदाच्या शेळीनं कुंभाराच्या मडक्यात तोंड घातलं आणि ते अडकलं. शेळी मडकं घेऊन बाजारभर पळायला लागली. कुंभार एकीकडून ओरडतोय, गोदा दुसरीकडून. हरीनं शेळीला पायात धरलं, तिच्या कानाला तेलाचं बोट लावलं आणि मडकं अलगद काढून कुंभाराच्या हातात दिलं. मडकंही फुटलं नाही, शेळीही रडली नाही. गोदा मला म्हणाली, "वयनी, असा माणूस असावा." एवढंच म्हणाली, पण म्हणताना चुलीतला जाळ बाहेर आला तरी तिला कळलं नाही.

म्हणजे पैरण पाहिजेच होती. आत्याबाईंनी सेलूच्या बाजारातून मांजरपाट आणलं. जाडंभरडं, पण नवं कोरं. गावात शिंपी एकच, आणि तो नेमका लेकीकडं जालन्याला गेलेला. मिशनीवर गोणपाट टाकून गेलेला. आत्याबाईंनी कापड माझ्या मांडीवर ठेवलं.

"सुभद्रे, तुझा बाप म्हणला व्हता ना, पोरीला शिवण येतं म्हणून?"

म्हणला होता खरं. सोयरीक जमवताना बाप काय म्हणत नाही? मला शिवण येत होतं ते असं: ज्वारीच्या पोत्याचं तोंड शिवायला येत होतं आणि फाटलेलं घोंगडं सांधायला येत होतं. दोन्ही दाभणानं. सुई मी जवळून बघितली ती काटा काढायला. पण नवी सून, त्यात बापाच्या शब्दाचा प्रश्न. मी म्हणलं, "येतं की, आत्याबाई."

"मग घे शिवायला. आन उरल्या कापडाची मला एक चंची शिव, पानसुपारीला. माझी पार चाळणी झालीय."

गोदा माझ्यामागून कुजबुजली, "वयनी, नीट शिव बरं. माझं सगळं त्या पैरणीवर हाय."

आता नीट शिवायचं म्हणजे कुणाला तरी विचारायला पाहिजे. मी गेले शिंप्याच्या आईकडं. तिला सगळं गाव खाला म्हणायचं. लय मायेची बाई. सगळा जन्म शिवणात गेलेला, पण आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते आणि तोंडातले दात सगळे गेले होते. माणूस तिला धुक्यातल्यासारखा दिसायचा, आणि तिच्या तोंडातून शब्द निघाला की त्यातला अर्धा वाऱ्यावर जायचा. राहिलेला अर्धा आमच्यापर्यंत यायचा, तोही तिच्या दखनी बोलीत. राज्य गेलं, पण बोली कुठं गेली होती.

तिच्या ओसरीवर मी कापड पसरलं. माप मी सुतळीनं आणलं होतं, मामांची छाती, मामांची उंची, गाठी मारून. कातर आणली होती मेंढरं भादरायची. खालानं ती चाचपून बघितली आणि म्हणाली, "अगे बेटी, कुर्ता सीती के बकरा मूंडती?"

पण तिनं सांगितलं आणि मी कापलं. गळा गोल पाहिजे म्हणाली, तर मी फडक्यातली भाकर काढली, कापडावर ठेवली आणि तिच्या कडेनं कातर फिरवली. भाकर गोल होती, म्हणून गळाही गोल झाला. कडा मात्र उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्या, तो भाग सोडून द्या.

मग खाला म्हणाली, "अब मोंढे जोड. फिर आस्तीन लगा दे. बस्स, हो गया."

मोंढे म्हणजे खांदे, तेवढं कळलं. आस्तीन म्हणजे बाही. हे आज मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत असेल. पण तेव्हा आमच्या घरात पैरणच नव्हती, तर बाहीला दुसरी भाषा कुठून येणार? आम्ही बाहीला हात म्हणायचो. अमक्याची बंडी बिनहाताची, तमक्याची हाताची. आणि दात नसलेल्या तोंडातून आस्तीन कसं निघतं सांगू? 'हात तीन' असं निघतं.

मी म्हणलं, "हात तीन?"

तिला ऐकू आलं आस्तीन. म्हणाली, "हौ हौ, आस्तीन."

झालं. दोघींचं एकमत.

मी विचारात पडले. माणसाला हात दोन, पैरणीला तीन कशाला? पण मी कोण विचारणारी? तिनं हयातभर कपडे शिवले, मी पोती शिवली. मग माझं मलाच पटायला लागलं. पैरण फाटते कुठं? कोपरात. म्हणजे तिसरा हात बदलीला असणार. नाहीतर मामा धनगर आहेत, एका हातात काठी, एका हातात दोर, कोकरू कशात धरणार? शिंपी लोक डोकेबाज असतात, त्यांनी हे सगळं आधीच बघून ठेवलेलं असणार. एकदा मूर्खपणाला कारणं सापडायला लागली की बाई, किती सापडतात.

एकच राहिलं, तिसरा लावायचा कुठं? छातीवर लावला तर गणपतीची सोंड. पाठीवर लावला तर शेपूट. मी खालाला विचारलं, "खाला, लावायचा कुठं?"

"बगल में, और कां?"

बगलेत. किती सोपं. दोन हात खांद्याला लावले आणि तिसरा डाव्या बगलेखाली, नीट चीर पाडून. कापड नेमकं पुरलं. चंचीचं कापड तेवढं त्यात गेलं.

शिवून झाल्यावर खालानं ती मांडीवर घेतली आणि खांद्यावरची शिवण बोटानं चाचपली. "शिलाई मजबूत है. आस्तीन लगे?"

"लागले खाला. हात तीन लागले."

"शाब्बास," खाला म्हणाली.

पैरण घडी घालून मी पेटीत ठेवली, वर गोदाचं लुगडं ठेवलं. आत्याबाई रोज विचारायच्या, झाली का गं? मी म्हणायची, झाली. बघावी असं त्यांना वाटलं नाही, दाखवावी असं मला वाटलं नाही. नवं कापड पाव्हणे यायच्या आधी अंगाला लावलं तर मळेल, अशी आमची समजूत.

पाव्हण्यांची बैलगाडी बाभळीच्या बनाशी दिसली तेव्हा मामांनी पैरण घातली. उजवा हात घातला, नीट गेला. डावा घातला, तो गेला बगलेतल्या हातात. खांद्यावरचा हात नुसता लोंबायला लागला. मामांनी तो बाहेर काढला, खांद्यावरच्यात घातला. मग बगलेतला लोंबायला लागला. मामा गरीब माणूस, कुणाला दोष द्यायची सवय नाही. ते आत्याबाईंना म्हणाले, "ठकू, मला काही जमंना गेलंय. हिच्यात माझं काहीतरी कमी पडायलंय."

आत्याबाईंनी पैरण बघितली. मग मला बघितलं. मग परत पैरण बघितली.

"सुभद्रे, हे काय हाय?"

"हात, आत्याबाई."

"किती?"

"तीन. खालाच म्हणली."

आत्याबाई मटकन खाली बसल्या. पण बसायला वेळ कुठं होता? गाडी दारात आली. आत्याबाई उठल्या, बगलेतला हात मामांच्या बगलेतच कोंबला, वरून घोंगडं गुंडाळलं आणि म्हणाल्या, "डावा हात हलवला तर माझ्याशी गाठ हाय."

चैताचं ऊन तुम्हाला काय सांगायचं. लिंबाखाली पाव्हणे बसले तर उपरण्यानं वारा घेतायत, आणि आमचे मामा घोंगड्यात. घाम मुंडाशातून निघून मिशीवरून धोतरात चाललाय. आणि डावा हात असा अंगाला चिकटवलेला, पान दिलं तर उजव्यानं घेतलं, सुपारी दिली तरी उजव्यानंच घेतली, आता ठेवायला जागा नाही म्हणून दोन्ही तोंडात.

आबा म्हणजे हाडापेरानं मोठा माणूस, पांढऱ्या मिशा, नजर ससाण्याची. ते म्हणाले, "पाव्हणं, घोंगडं काढा की. केवढी उबाळ व्हायलीय."

"न्हाई, मला थंडी वाजायलीय," मामा म्हणाले. आणि घामाचा एक थेंब नाकावरून टपकला.

पाव्हण्यांत कुजबुज सुरू झाली. मी आणि गोदा दाराआड उभ्या होतो, सगळं ऐकू येत होतं. एक जण म्हणाला, डावा हात बघा, हलवंना गेला. दुसरा म्हणाला, अंगावर कोड तर नसंल? गोदानं माझा दंड धरला तो असा की तिची बोटं उमटली. आली होती ती सोयरीक, शेळीचं मडकं काढणारा माणूस समोर लिंबाखाली बसला होता, आणि ती माझ्या शिवणीपायी चालली होती.

आबांनी काठी टेकली. "बिराजी, आमाला लपवालपवी चालत न्हाई. अंगाला काही असंल तर दाखवा. न्हाई तर आमी निघतो."

मामांनी आत्याबाईंकडं बघितलं, आत्याबाईंनी जमिनीकडं. मग मामांनी घोंगडं काढलं. डावा हात उचलला. आणि बगलेतून तिसरा हात हळूच निसटून खाली लोंबला. वाऱ्यानं हलायला लागला, या बसा म्हणल्यासारखा.

पाव्हण्यांची उपरणी वारा घेता घेता थांबली.

"हे काय हाय?" आबांनी विचारलं.

आता मामा म्हणजे दिवसातून दोन वाक्यं बोलणारा माणूस, त्यातलं एक मेंढरांशी. त्यांनी तो तिसरा हात उजव्या हातानं उचलला, मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाले, "लेकीचा बाप हाय मी, आबा. लेकीच्या लग्नात बापाला दोन हात पुरत न्हाईत. म्हणून आमच्याकडं तीन लावतेत."

मी दाराआड डोळे मिटून घेतले. आता आबा उठणार, म्हणलं.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "रीत हाय?"

"रीतच म्हणा," मामा म्हणाले.

"आमच्याकडं न्हाई ही रीत," आबा म्हणाले, आणि बाकीच्यांकडं वळले. "पर माणसानं बगा कसा इचार केलाय. मी तीन लेकी दिल्या, तवा मला कुणी सांगितलं न्हाई." मग जवळ जाऊन त्यांनी शिवण बघितली. "कुणी शिवली?"

"सुनेनं," आत्याबाई म्हणाल्या. इतक्या हळू म्हणाल्या की मलाच ऐकू आलं नसतं.

"दाभणाची शिवण हाय. तुटायची न्हाई." आबा परत बसले. "फोडा सुपारी. पर माझी एक अट हाय. लग्नात माझ्या हरीलाबी अशीच पैरण पाहिजे. आन हिच्याच हातची."

सुपारी फुटली. गोदानं माझा दंड सोडला आणि गळाच धरला.

पाव्हणे गेले आणि माझा खरा पंचनामा झाला. आत्याबाई मला घेऊन तडक खालाच्या ओसरीवर. खालानं सगळं ऐकून घेतलं, आणि हसायला लागली ती डोळ्याला पदर लावून हसायला लागली. "अगे माय, मैं आस्तीन बोली, आस्तीन!" मग खोकायला लागली, मग परत हसली. आत्याबाई रागात आल्या होत्या, पण खाला हसायला लागली की राग धरून बसणं अवघड असायचं. जाता जाता आत्याबाईंना एकदम आठवलं.

"सुभद्रे, माझी चंची?"

"ती मामांच्या बगलेत हाय."

मी घरी येऊन म्हणलं, मामा, द्या ती पैरण, जास्तीचा हात उसवते. मामा म्हणाले, "राहू दे. कोकरू बसतं." खरंच बसत होतं. रानातून येताना नुकतं जन्मलेलं कोकरू त्या हातात पाय सोडून बसायचं, कोपराच्या ठिकाणी तोंड बाहेर. मामा पैरण अंगातून काढायचे नाहीत. ज्या माणसानं जन्मात सदरा घातला नाही त्याला आता तीन हातांशिवाय करमेना.

इथं गोष्ट संपली असती तर मी शहाणी ठरले असते. पण हरीची पैरण राहिली होती ना.

आता मला सगळं कळलं होतं. हात दोन असतात, हे आता मला खालानं, आत्याबाईंनी आणि अर्ध्या गावानं शिकवलं होतं. मग माझ्या डोक्यात असं आलं: आबा एवढे रीतीभातीचे, एवढे जाणते. त्यांना काय कळलं नसेल? कळलंच असेल. ते आपली चेष्टा करून गेले. आता मी तीन हात शिवून नेले तर मांडवात हसं होईल, आणि ते गोदाच्या नवऱ्याचं होईल. गोदालाही तेच वाटत होतं. "वयनी, कुणाला ह्यांना हसू देऊ नको," ती म्हणाली. अजून लग्न व्हायचं होतं, तरी 'ह्यांना'.

म्हणून मी अशी पैरण शिवली की बघत राहावं. सुईनं शिवली, दाभणानं नाही. गळा भाकरीवर नाही, वाटीवर कापला, आणि मग डोकं जाईना म्हणून पुढं चीर ठेवून गुंडी लावली. हात दोन. मोजून दोन. खालानंही चाचपून दोनच मोजले.

लग्नाला आमच्या लिंबाखाली मांडव पडला. वाजंत्री वाजतायत, अक्षता वाटून झाल्या, अंतरपाट धरायला माणसं उभी. हरी पैरण घालून पाटावर आला, दिसायला राजबिंडा. मी आत्याबाईंकडं बघितलं, म्हणजे बघा आता माझं शिवण. तेवढ्यात आबा पुढं आले. हरीचा उजवा हात उचलून बघितला. डावा हात उचलून बघितला. बगलेत बघितलं. मागून फिरून बघितलं.

"तिसरा हात कुठं हाय?"

मला वाटलं, चेष्टा. मी हसले.

आबा हसले नाहीत. "बिराजी, तुमच्या घरची रीत, आमी मान देऊन मागितली. सगळ्या सोयऱ्यांना सांगून आणलंय मी, तीन हाताची पैरण बघायला चला म्हणून. आन तुमी आमच्या पोराला दोन हातावर भागवायलाव?"

वाजंत्री थांबली. चारठाण्याचे सगळे सोयरे मान लांब करून बघायला लागले. खरंच ते बघायला आले होते. आबा पाटाशेजारी खाली बसले, काठी आडवी ठेवली. "रीत झाल्याबिगर अंतरपाट धरायचा न्हाई."

गोदाचं तोंड मुंडावळ्यांच्या आत पांढरं झालं. मी काय करणार? कापड नाही, खाला डोळ्यांनी अधू, मुहूर्त चाललाय. आत्याबाई माझ्याकडं अशा बघत होत्या की त्यापेक्षा मेंढरं भादरायची कातर बरी.

मामा उठले. त्यांनी त्यांची ती पैरण घातलेलीच होती, धुऊन नीळ दिलेली. ते माझ्यासमोर आले, डावा हात वर केला आणि म्हणाले, "घे सुभद्रे, उसव. माझ्या लेकीला लागणारा हात आता त्यांच्याकडं असू दे."

आबांनी डोळ्याला उपरणं लावलं. मीही रडायला लागले, आणि रडत रडतच दाभण घेतलं. मामांच्या बगलेतला हात उसवला, हरीपाशी गुडघ्यावर बसले आणि त्याच्या डाव्या बगलेखाली तो शिवायला लागले. अंगावरच. डोळ्यांत पाणी, समोरचं काही दिसेना, मी आपली घालतेय टाके. हरी बिचारा दाभणाच्या भीतीनं श्वास आत घेऊन उभा. पक्के टाके घातले, डबल दोरा, पोत्याला घालते तसे. दोरा दातानं तोडला आणि म्हणलं, झालं.

वाजंत्री वाजली. अंतरपाट धरला. मी तिथंच बसून होते, जवळून बघावं म्हणून. अक्षता पडल्या. मग गोदाच्या पदराची हरीच्या शेल्याशी गाठ मारली आणि नवरानवरी फेऱ्याला निघाले.

पहिल्या पावलाला माझा पदर ताणला.

दुसऱ्या पावलाला मी उठले.

तिसऱ्या पावलाला मला कळलं. मी हात शिवला होता पैरणीला, पण सोबत माझ्या लुगड्याचा पदरही शिवला होता. पोत्याचा टाका, डबल दोरा. ओढला तर डोक्यावरून पदर जाणार, सासऱ्यांसमोर, सगळ्या सोयऱ्यांसमोर. मग काय करता? निघाले मीही. पुढं हरी, एका अंगाला गाठीनं बांधलेली गोदा, दुसऱ्या अंगाला टाक्यानं बांधलेली मी. हरी भरभर चालला की मी भरभर, हरी थांबला की मी त्याच्या पाठीवर. वाजंत्रीवाल्याचा सूर सनईतच फुटला.

आबा बघत होते, गंभीरपणे. फेरा पुरा झाला तेव्हा त्यांनी मामांना विचारलं, "पाव्हणं, ही बी तुमच्याकडची रीत का?"

"न्हाई आबा," मामा म्हणाले. "ही आमची सून हाय."

असं हसू झालं की मांडवाचे खांब हलले. आमचे मालक लोकांच्या हसण्यातून वाट काढत कातर घेऊन आले आणि मला नंदेच्या नवऱ्यापासून सोडवलं. तो पदराचा तुकडा हरीच्या बगलेतच राहिला. त्यानं म्हणे तो पुढं कधी उसवला नाही.

गोदाचं बरं झालं. लय बरं झालं. हरी रानातून यायचा तर तिसऱ्या हातात कधी कोकरू, कधी बोरं, कधी तिच्यासाठी बाजारातून बांगड्या. लेकरं झाली, कळप वाढला. आबांच्या भावकीत अजून नवरदेवाला तीन हातांची पैरण शिवतात. मध्ये एका लग्नाला गेले तर त्यांचा एक शिकलेला नातू मलाच समजावून सांगायला लागला, आजी, ही लय जुनी रीत हाय, पिढ्यान्‌पिढ्यांची. मी म्हणलं, असंल बाबा.

आणि आमच्या घरी काय झालं? शिंपी जालन्याहून आला, त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणला, "जिनं हातानं तीन बसवले, तिला मिशनीवर दोन काय जड हायेत?" त्यानं मला बसवून शिकवलं, आणि खाला शेजारी बसून सांगायची, आता नीट, सावकाश, बोटं दाखवून. पुढं दोनचार सालं पाऊस नीट झाला, मेंढ्यांनी जुळी दिली, आणि एक दिवस सेलूहून बैलगाडीत, कडब्यात गुंडाळून, शिवायची मिशन आमच्या दारात आली. धनगराच्या दारात मिशन. गाव बघायला जमलं. आत्याबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, लिंबाचा डहाळा बांधला, आणि समोर बसून म्हणाल्या, "आता पहिली माझी चंची."

गोदाच्या लग्नाच्या आधीपासून राहिली होती ती. मी लाल खणाचा तुकडा घेतला, जीव लावून शिवली. एक टाका इकडं नाही, एक तिकडं नाही. चारी बाजूंनी अशी सरळ शिवण की शिंप्यानं बघावी.

आत्याबाईंनी ती हातात घेतली, उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"चांगली झालीय गं," त्या म्हणाल्या. "फक्त ह्यात पान घालायचं कुठून, तेवढं सांग."